सहा सूत

माझ्या हातातलं हँडल वळत नाही.
अडिवेप्पाच्या सीटखाली ते वेल्डिंग करून टाकलंय,
धरायला, एवढंच.
पुढं तो, मागं मी, मध्ये त्याची पाठ,
खाकी, शिवणीपाशी मिठानं पांढरी,
आणि पाठीपलीकडं जे काही येतंय
ते तो सांगेल तेव्हा मला.

डावा डोळा लेथवर गेला, लोखंडाच्या किसानं.
उजव्यात साखरेनं धुकं धरलंय.
उद्यमबागेत तेवीस वर्षं एकाच मशीनवर दोघं,
तो दिवसपाळी, मी रातपाळी.
भेट गेटपाशी, अर्धा मिनिट,
गरम चक्कावरचा हात पुसत पुसत.
एवढ्यात कुठलं सूत जुळतंय?

रिटायर झाल्यावर त्यानं दोन भंगार सायकली कापल्या,
एक लांब केली
आणि दारात येऊन म्हणाला, बस की मागं.

सपाटीला बरी होती.
उताराला तर रुळावरनं गेल्यासारखी.
पण येळ्ळूर मागं टाकून राजहंसगडाचा चढ लागला,
वेग उतरला,
की पुढचं चाक एका अंगाला कलंडायचं
झोपलेल्या पोराच्या मानेसारखं.
एकदा कलंडलं की अजून कलंडायचं.
मी रुमालाला हात घातला
आणि हिसका त्याच्या मनगटाला बसला.
दोघंही करवंदीच्या जाळीत.
"मागं काय करत होतास?"
"नाक पुसत होतो."
"सांगून पुसत जा."

सोमवारी त्यानं सायकल कोब्यावर उभी केली.
हँडलच्या नळीच्या तिरक्या रेषेत
सुतळी ताणून जमिनीला टेकवली: खडूचा ठिपका.
टायर टेकतो तिथं दुसरा, जरा मागं.
माझं बोट धरून दोन्हींवर फिरवलं.
अडीच इंच.
याला पुस्तकात काय म्हणतात, आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.
तो म्हणाला, चाक रेषेच्या मागनंच चालतंय,
गाडीला बांधलेल्या वासरासारखं,
म्हणून तर सरळ जातंय.
पण आपण एकशेतीस किलो, आणि दोरी लांब.
हळू चाललं की वासरू आडवं ओढतंय.
दोरी आखडू या.

चिमट्यात फौंड्रीची कोरडी वाळू ठासली,
नळी मुडपू नये म्हणून.
गॅसवर लाल करून पुढं वाकवला, थोडा, अजून थोडा.
मोजायचं माझ्याकडं.
डोळे गेले तरी अंगठ्याच्या नखाला सूत कळतंय.
तीन. चार. पाच.
"इन्नू?" त्यानं विचारलं.
अजून एक.
"साकु," मी म्हणालो.
सहा सूत. अडीचाचे पावणेदोन.

त्याची नातवंडं हसली,
पाऊण इंचानं काय होतंय?
पाऊण इंचासाठी आमच्या भागात
कोर्टात तीन पिढ्या जातात, बाळांनो.

रविवारी परत तोच चढ.
तो पुढनं ओरडला, "निधान!"
त्याच्या भाषेत ते सावकाश,
माझ्या भाषेत पुरून ठेवलेलं धन.
मी दोन्ही ऐकलं आणि पाय हलका केला.
चाक डगमगलं,
थांबलं,
सरळ झालं.

उताराला मात्र आता ते जरा उतावळं आहे,
अडिवेप्पाला हात जागा ठेवावा लागतो.
फुकट कोण देतंय? इथलं काढून तिथं लावलंय.

गडाच्या वळणावर वारा सुटला.
मी एक हात सोडला,
न सांगता नाक पुसलं.
सायकल वळणातनं होती तशी गेली.
पाठ तेवढी किंचित हलली.

"कळलं," तो म्हणाला.